म्हातारपणाचं दरपत्रक

कोल्हापुरात पूर्वी परदेशाहून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न असायचा, "काय आणलंस?" आता साठी ओलांडलेलं कुणी लेकाकडं अमेरिकेत सहा महिने राहून आलं, की विचारतात, "तिकडं दवाखान्याची पायरी चढायला लागली न्हाई न्हवं?" नाही म्हटलं की माणसं हात हातात घेऊन अभिनंदन करतात. नायगारा पाहिला का, हे मागाहून. धबधबा काय, कुणीही बघतं. अमेरिकेत सहा महिने राहून बिल न करता परत यायला अंगात रग लागते.

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत आमचं एक टोळकं आहे. फिरणं थोडं, बसणं फार. हायस्कुलातून निवृत्त झालेले गुरुजी, बँक सुटली तरी आकडेमोड न सुटलेले बँकवाले, पाटबंधारे खात्यातले साहेब, एस्टी चालवून चालवून पाठ धरलेले मामा आणि मी. मामा सोडले तर प्रत्येकाचं एक तरी पोर परदेशात. मामांचा मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला. त्यामुळं ते आमच्या चर्चेत तटस्थपणे बसतात आणि नेमका नको तो प्रश्न विचारतात. आमचे विषय एके काळी ठरलेले होते: पेठेतला फुटबॉल, महापालिका आणि मटण. आता एकच विषय उरलाय. हप्ता.

म्हातारपणी आरोग्य विम्याचा हप्ता कसा चढतो, हे कोल्हापूरकराला वेगळं समजावून सांगायला लागत नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतच तो लहानाचा मोठा झालेला असतो. पंचगंगेला 39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका. हप्त्याचंही तसंच. साठीला इशारा, पासष्टीला धोका आणि सत्तरीला चीजवस्तू माळ्यावर टाकून उंचावरच्या पाहुण्यांकडं जायची तयारी. फरक एवढाच, की पंचगंगा उतरते.

बरं, हे गाव काही गप्प बसणारं नाही. ह्याच गावानं वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून शहरातला टोल घालवला. 2019 च्या अखेरीला मटणाचा दर वाढला, तेव्हा इथं जे आंदोलन झालं त्याची बातमी पार मुंबईच्या पेपरांत आली. पण हप्त्याविरुद्ध मोर्चा न्यायचा कुठं? टोलनाका डोळ्यांना दिसत होता. मटणाचं दुकान तर डोळे मिटूनही सापडत होतं. विमा कंपनीच्या ऑफिसात गेलं, तर काउंटरवरची पोरगी पाण्याचा ग्लास पुढं करते आणि गोड आवाजात सांगते, "काका, सिस्टिममध्येच तेवढं दाखवतंय." सिस्टिमला घेराव घालता येत नाही. तिच्या तोंडाला काळंही फासता येत नाही.

देशात मेडिक्लेम आला 1986 साली. आम्ही तेव्हा ऐन तिशीत. विमा एजंट समोरून येताना दिसला की बोळातून पळ काढायचो. तेव्हा अंगात एक दुखणं नव्हतं आणि पॉलिसी घ्या म्हणून लोक उंबरे झिजवत होते. आता अंगात एक जागा मोकळी नाही, तर आम्ही उंबरे झिजवतोय. एजंट म्हणतो, "आण्णा, थोडं आधी यायचं होतंसा." किती आधी, म्हटलं तर म्हणतो, "चाळीसएक वर्षं."

तरी गेल्या दोन-तीन वर्षांत सरकारनं म्हाताऱ्यांकडं जरा बघितलं म्हणायचं. 1 एप्रिल 2024 पासून आयआरडीएआय ह्या विमा नियामकानं नव्या पॉलिसीसाठीची 65 वर्षांची अट काढली. ऐंशीचा माणूसही आता पॉलिसी मागू शकतो. दार उघडलं, आतल्या खुर्चीचा दर तेवढा विचारायचा नाही. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची मुदत चार वर्षांवरून तीनवर आली. म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला समजावायचं, बाबा, चार नाही, तीनच वर्षं दम काढ. जानेवारी 2025 मध्ये आणखी एक फर्मान निघालं: ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल, तर आधी नियामकाला विचारा. आणि 22 सप्टेंबर 2025 ला वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्यावर आला.

त्या दिवशी बँकवाल्यांनी कट्ट्यावर पेढे वाटले. पुढं त्यांचा हप्ता आला, त्यात अठरा गेले होते आणि दहा आले होते. "आठ वाचले की!" ते म्हणाले. गुरुजींनी शांतपणे विचारलं, "आणि पुढच्या वर्षी?" बँकवाल्यांनी मांडीवर बोटानं आकडे मांडले. शंभराचे एकशे दहा, एकशे दहाचे एकशे एकवीस. जीएसटीसकट होते एकशे अठराच. मामा म्हणाले, "म्हंजे दुसऱ्या वर्षी पेढं आमी वाटायचं का कंपनीनं?"

मामांचा स्वतःचा हिशेब सोपा आहे. त्यांची पेन्शन ईपीएस-95 मधली. साखर कारखाने, गिरण्या, एस्टी अशा ठिकाणी हाडं झिजवलेल्यांची ही योजना. तिची किमान पेन्शन 2014 पासून महिना 1,000 रुपयांवर मांडी घालून बसलीय. मामांची त्याहून बरी आहे, पण वर्षाची पेन्शन आणि नवरा-बायकोच्या पॉलिसीचा वर्षाचा हप्ता शेजारी शेजारी मांडला, तर पेन्शन मान खाली घालते. म्हणून मामांची सगळी मदार सत्तरीवर. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. बातमी आली त्या सकाळी कट्ट्यावर पहिल्यांदा लोक आपलं वय वाढवून सांगायला लागले.

घोळ झाला तो 1 जूनमुळं. आमच्या पिढीतल्या निम्म्या कोल्हापूरकरांचा जन्म 1 जूनचा. पोरगं शाळेत घालायला आणलं की गुरुजी विचारायचे, कधी झालं? आई सांगायची, मोठ्या पावसात, म्हैस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी. गुरुजी 1 जून लिहून मोकळे व्हायचे आणि वर पोराचं भलं व्हावं म्हणून दोन वर्षं कमी धरायचे. त्या दोन वर्षांनी नोकरी दोन वर्षं जास्त मिळाली, तेव्हा मामांनी गुरुजींच्या फोटोला हार घातला होता. आता एकाहत्तरीचे मामा कागदावर सत्तरीची वाट बघत बसलेत आणि आधार कार्ड म्हणतंय, अजून तुम्ही तरुण आहात. आमच्या कट्ट्यावरचे गुरुजी हे ऐकताना रंकाळ्याच्या पाण्याकडं बघत बसतात. त्यांनीही पुष्कळ पोरांची 1 जून केलेली आहे.

पॉलिसी असली म्हणून सुटलो, असंही नाही. जुन्या पॉलिसीत खोलीभाड्याचं एक कलम असतं: विम्याच्या रकमेच्या एक टक्का. तीन लाखांची पॉलिसी असेल तर दिवसाला तीन हजारांची खोली. सहा हजारांच्या खोलीत पडलात, तर नुसतं भाडं निम्मं मिळत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्चही त्या प्रमाणात कापतात. त्यामुळं छातीत कळ आलेला जाणता माणूस स्ट्रेचरवरून आधी विचारतो, "खोली केवढ्याला?" आणि मग शुद्ध हरपायची की नाही ते ठरवतो.

भरती होणं त्यातल्या त्यात सोपं, सुटका अवघड. डिस्चार्जच्या वेळी कॅशलेसची मंजुरी तीन तासांत द्यावी, असा 2024 चा नियम आहे. पण विमा कंपनीकडं कागद पोचला की घड्याळ सुरू होतं, आणि तो पोचायच्या आधी दवाखान्यातल्या दवाखान्यात त्याचा जो प्रवास होतो त्याला घड्याळ नाही. साहेबांना एका दवाखान्यात सकाळी डॉक्टरांनी "घरी जा" म्हटलं. साहेबांनी दाढी केली, शर्ट-पँट चढवली, टोपी घातली, पलंगावर ताठ बसले. दुपारी डबा आला तो टोपीसकट जेवले. संध्याकाळी भेटायला आलेल्या पाहुण्यांना वाटलं, भेटायलाच आलेले दिसतात, आणि त्यांनी साहेबांनाच विचारलं, "पेशंट कुठाय?" रात्री मंजुरी आली तेव्हा साहेबांचा रक्तदाब डॉक्टरांनी परत मोजला आणि म्हणाले, "एक दिवस थांबता का?"

ही झाली घरची परिस्थिती. आता पोरं म्हणतात, "बाबा, तिकडं एकटे काय करता, या इकडं." पोरांचं चुकत नाही. पण म्हातारा माणूस सीमेवर गेला की प्रत्येक देश त्याची किंमत काढतो, हे आम्हाला सत्तरीत कळलं. आमच्या घरात आजोबांची किंमत कुणी कधी केली नव्हती. फार तर "म्हाताऱ्याला किंमत कळत नाही" असं म्हणायचे. ह्या लोकांनी आकडे छापलेत.

युरोपात शेंगेन व्हिसा हवा? किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा. त्यात तातडीचे उपचार हवेत आणि माणूस गेलाच तर परत पाठवायचा खर्चही हवा. म्हणजे परतीची सोय दोन्ही प्रकारे पक्की. कॅनडात आई-वडिलांसाठी सुपर व्हिसा आहे, एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहा, पण आधी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान एक वर्षाचा विमा दाखवा. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्या म्हाताऱ्यावर सरकारी रुग्णालयात उपचार झाले, तर बिल ठरलेल्या दराच्या दीडपट. कायमचं राहायला न्यायचं, तर 2012 पासूनचा नियम आणखी बहारीचा. आई-वडिलांना अंघोळ-जेवणालाही दुसऱ्याचा हात लागतो, आणि तो हात मायदेशात मिळत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करा. मामांनी ह्याचा अर्थ काढला तो असा: "म्हंजे गड्यानं इतकं आजारी पडायचं की अख्ख्या कोल्हापुरात कुणाला झेपलं न्हाई पाहिजे, आणि वर विमानात बसून लंडनलाबी जाता आलं पाहिजे."

ऑस्ट्रेलियाचं काळीज मात्र मोठं. तिथं वृद्ध पालकांसाठी खास व्हिसा आहे. अर्ज करायला तिथलं पेन्शनचं वय, म्हणजे 67 पूर्ण लागतं. रांग फक्त तीस वर्षांहून जास्त आहे. सदुसष्टाव्या वर्षी अर्ज टाकला तर सत्त्याण्णवाव्या वर्षी, प्रकृती उत्तम असेल तर, व्हिसा हातात घेऊन सिडनीत लेकाच्या घरी निवांत म्हातारपण घालवता येतं. लेकही तोवर त्याच रांगेच्या वयाचा झालेला असतो.

अमेरिका ह्या सगळ्यांत दिलदार. पाहुण्याच्या व्हिसाला ती विम्याची अटच घालत नाही. काही विचारतच नाही. जो आधी काही विचारत नाही तो मागाहून सगळं सांगतो, हे कोल्हापुरात पोराटोरालाही कळतं. म्हणून तिकिटाच्या आधी पोरं विमा काढतात आणि आमच्या वाट्याला त्या पॉलिसीचं वाचन येतं.

गुरुजींची पॉलिसी आम्ही कट्ट्यावर सामुदायिक वाचली. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत. आधी विम्याची रक्कम मोठी वाटली. पुढच्या पानावर सत्तरीनंतर ती किती होते ते लिहिलेलं होतं. ऐंशीनंतरचा आकडा इतका बारीक होता, की टाइपही बारीक केला होता. मग आलं मुख्य कलम: आधीपासूनचा आजार आणि त्यातून उद्भवलेलं काहीही धरलं जाणार नाही. गुरुजींना साखर, रक्तदाब, थायरॉइड, मणक्यात गॅप. त्यातून उद्भवणार नाही असं शरीरात उरतं काय, ह्यावर बराच खल झाला. साहेबांनी सुचवलं, कानाच्या पाळीचं काही झालं तर मिळतील. एका कलमात सूट होती: जुनं दुखणं अचानक, काही पूर्वसूचना न देता उफाळलं आणि ठरलेल्या तासांत दवाखाना गाठला, तर विचार करू. मामा इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "जुनं दुखणं चालत न्हाई, नवीन चालतंय. आता ह्या वयात नवीन दुखणं आणायचं कुठनं?"

म्हणून कोल्हापूर सोडण्याआधी शरीराची सगळी डागडुजी उरकायची रीत पडलीय. राजारामपुरीत दातांचं, मग डोळ्यांचं, मग रक्त-लघवी, मग इको, मग फॅमिली डॉक्टर. आमचे डॉक्टर सगळे रिपोर्ट बघून म्हणतात, "सहा महिने काही होत नाही." हे वैद्यकीय मत नसून आशीर्वाद असतो, पण आम्ही तो लिहून घेतो. औषधांचा वेगळाच प्रश्न. राहायचं सहा महिने, आणि गोळ्या साधारण तीन महिन्यांच्याच न्याव्यात, असा तिथला दंडक. उरलेल्या तीन महिन्यांसाठी व्हॉट्सअपवर साद घातली जाते: "जानेवारीत कोण येतंय का न्यू जर्सीला?" कुठल्या तरी पेठेतलं कुणी तरी येतच असतं. मग त्याच्या बॅगेत आधी कांदा-लसूण मसाला, त्यावर रक्तदाबाच्या गोळ्या. आधी मसाला खायचा आणि मग गोळी, हा क्रमही त्यात आपोआप सांभाळला जातो.

तिकडं पोचल्यावर म्हाताऱ्याचं मुख्य काम म्हणजे काही न होऊ देणं. गुरुजींच्या सुनेनं पहिल्याच दिवशी घरातून हिंडून धोक्याच्या जागा दाखवल्या. हा जिना, हा ओला फरशीचा कोपरा, हे बाहेरचं बर्फ. बर्फ पांढरं असेल तर ठीक, पण दिसत नाही असं काचेसारखं बर्फ असतं, त्यावर पाऊल टाकायचं नाही. "दिसत नाही तर टाळायचं कसं?" गुरुजींनी विचारलं. "बाहेरच जायचं नाही, बाबा." गुरुजींना रात्री खोकला आला. कोल्हापुरात त्यांचा खोकला दोन गल्ल्यांना ऐकू जायचा. तिथं ते उशीत तोंड घालून खोकले. तरी मुलगा उठून आला, दिवा लावला आणि म्हणाला, "बाबा, नेमका कधीपासून आहे?" गुरुजींना कलम आठवलं. ते म्हणाले, "आत्ताच. अचानक. काही पूर्वसूचना न देता."

मुलाकडं कागदावर मांडून ठेवलेलं होतं: ताप आला तर फोनवरचा डॉक्टर, मुरगळलं तर अर्जंट केअर, छातीत दुखलं तरच इमर्जन्सी. अँब्युलन्सच्या चौकटीत काही न लिहिता नुसतं डॉलरचं चिन्ह काढलं होतं. इथं गुरुजींना गल्लीतल्या रिक्षावाल्यानं रात्री दोनला सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं आणि पैसे विचारले तर म्हणाला होता, "आदी जगा, मग बगू."

पण सहा महिन्यांचे पाहुणे एक वेळ परवडले. कायमचे गेलेल्यांची कथा मोठी आहे. माझी एक मावसबहीण शाळेतून निवृत्त झाल्यावर लेकीकडं गेली, एडिसनला, ग्रीन कार्डावर. अमेरिकेत पासष्टीच्या पुढं मेडिकेअर हा सरकारी विमा मिळतो, हे तिनं ऐकलं होतं. 30 जुलै 1965 ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्या कायद्यावर सही केली. पण बाहेरून गेलेल्या म्हाताऱ्याला ग्रीन कार्ड हातात घेऊन सलग पाच वर्षं तिथं राहावं लागतं, तेव्हा कुठं तो विमा विकत घ्यायचा हक्क मिळतो. विकत घ्यायचा हं, मिळत नाही. मधल्या पाच वर्षांत खासगी पॉलिसी घ्या, तिचा हप्ता बघा आणि तब्येत सांभाळा. बहिणीनं पाच वर्षं निरोगी राहण्याचा नेम धरला. पित्त उठलं तरी तिनं लेकीला कळू दिलं नाही. ओवा चावत बसली.

पाच वर्षं झाली आणि दर समोर आला. मेडिकेअरचा रुग्णालयाचा भाग तिथं दहा वर्षं काम करून कर भरलेल्यांना फुकट. त्यांच्या वहीत 40 तिमाह्यांची नोंद लागते. ज्याची नोंदच नाही, त्याला 2026 मध्ये महिना 565 डॉलर. डॉक्टरांचा भाग वेगळा, तो 202.90 डॉलर. हा दुसरा हप्ता 1966 मध्ये सुरू झाला तेव्हा महिना तीन डॉलर होता आणि 2025 मध्ये 185. म्हणजे जॉन्सनसाहेबांचं पोरही हप्त्याच्या बाबतीत आपल्याच वळणावर गेलं. दोन्ही मिळून रुपयांत सत्तर हजारांच्या घरात. महिन्याला. एवढं भरून नेहमीचे दात, चष्मा आणि कानाचं यंत्र त्यात नाही. म्हातारपणी माणसाला ज्या तीन गोष्टी हमखास लागतात, तेवढ्या वगळून बाकी सगळं आहे.

मला पैशापेक्षा त्या 40 तिमाह्या लागल्या. बहिणीनं इथं पस्तीस वर्षं पोरांना पाढे शिकवले, ते अमेरिकेच्या वहीत शून्य. ते एक वेळ समजू. पण तिकडं गेल्यापासून तिनं लेकीची दोन बाळंतपणं काढली. बाळांना तेल लावलं, न्हाऊ घातलं, रात्री जागवल्या, मोठ्याला शाळेच्या बसपर्यंत सोडलं, धाकट्याला मराठी बोलायला शिकवलं. तिच्या जिवावर लेक आणि जावई कामाला गेले, पगार आणले, कर भरला आणि तिमाह्या त्यांच्या नावावर जमा झाल्या. तेच काम तिनं शेजारच्या घरी कायदेशीर पगारावर केलं असतं, तर तिच्याही नावावर जमा झाल्या असत्या. स्वतःच्या नातवंडाला मांडीवर घेतलं, ही तिची मोठी आर्थिक चूक.

उलटी वारीही आहे. डिसेंबरात राजारामपुरीतल्या दातांच्या डॉक्टरांकडं बसायला जागा नसते. बाकावर एका हातात मोबाइल आणि दुसरा हात गालावर, अशी न्यू जर्सी, टेक्सास आणि टोरांटोची मंडळी. तिकडचा रूट कॅनॉल इकडं करायचा आणि उरलेल्या पैशांत विमानाचं तिकीट निघतं, असा हिशेब ते सांगतात. म्हणजे अमेरिकेचा पगार घेणाऱ्याचे दात कोल्हापूर सांभाळतं. ह्यात नवीन काही नाही. 1894 मध्ये डॉक्टर वानलेस यांनी मिरजेत मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं. कोल्हापूर-मिरज रेल्वे त्याआधीच, 1891 मध्ये धावू लागली होती. तेव्हापासून कोल्हापूरकर ऑपरेशनला मिरजेला जातोय. पूर्वी दुखण्यासाठी पन्नासेक किलोमीटर जायचे, आता बारा-तेरा हजार किलोमीटर येतात. माणूस राहतो एकीकडं, आजारी पडायला त्याला दुसरीकडंच जावं लागतं.

ह्या सगळ्याचा विचार करून, जगातल्या प्रत्येक देशानं म्हाताऱ्याचं दरपत्रक काढलंय, तर म्हाताऱ्यानं आपलं का काढू नये, असं माझ्या मनात आलं. बँकवाल्यांच्या मदतीनं मी एक पॉलिसी तयार केली. नाव ठेवलं 'आजी-आजोबा सुरक्षा योजना'. विमाधारक नातवंड, हप्ता भरणारे त्याचे आई-बाप.

कलम 1. प्रतीक्षा कालावधी. विमानतळावर उतरल्यापासून पहिले 30 दिवस नातवंडाला उचलून घेतलं जाणार नाही. अपघात अपवाद, नातवंड पडल्यास तत्काळ उचलण्यात येईल.

कलम 2. आधीपासूनचे आजार. मोबाइल दाखवल्याशिवाय न जेवणे, भाजी बघून तोंड फिरवणे, रात्री अकराला खेळायला लागणे, ही लक्षणं आजी-आजोबांच्या आगमनापूर्वीची असल्यास 36 महिने जबाबदारी घेतली जाणार नाही.

कलम 3. खोलीभाड्याची मर्यादा. आजी-आजोबांना तळघरातली खोली दिल्यास सर्व सेवांत त्या प्रमाणात कपात होईल. पुरणपोळ्या निम्म्या. तांबडा रस्सा मिळेल, पांढरा मिळणार नाही.

कलम 4. हिस्सा. रात्री बाळ रडल्यास जागरणाचा किमान वीस टक्के भाग आई-बापांनी स्वतः उचलावा.

कलम 5. सदर सेवा संपूर्ण कॅशलेस राहील. ती आजवर कॅशलेसच चालत आलेली आहे.

कलम 6. हप्त्यात वर्षाला दहा टक्के वाढ. आम्ही कुणाला विचारणार नाही.

मसुदा मुलाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "बाबा, ह्यात एजंटाचं कमिशन किती?" म्हणजे पोरगं कोल्हापूर विसरलेलं नाही. मग सौ.नं चष्मा लावून सगळी कलमं दोनदा वाचली. म्हणाली, "उचलणार कोण? मी. पुरणपोळ्या लाटणार कोण? मी. रात्री जागणार कोण? मी. आणि ही पॉलिसी तुमच्या नावावर कशी?" मला उत्तर सुचेना. बँकवाल्यांना फोन केला, तर तेही म्हणाले, वहिनींचं बरोबर आहे.

आता सुधारित मसुदा तिनं तयार केलाय. हप्ता दुप्पट आहे आणि तो तिच्या खात्यावर जमा व्हायचा आहे. त्यात माझं नाव एकाच ठिकाणी सापडलं, कलम 2 मध्ये. आधीपासूनच्या आजारांच्या यादीत.